आजोबांच्या पेटीतले पाने: छाप १/४ चा, तोंड अर्ध्या इंचाहून मोठं. हे कसले पाने?

अनुजा_मिरज

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात गावाकडच्या घराचा माळा रिकामा केला, तेव्हा कोपऱ्यात आजोबांची पत्र्याची पेटी सापडली. आजोबा विहिरींवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे. आसपासच्या पंधरा-वीस गावांत त्यांना बोलावणं असायचं, सायकलला पेटी बांधून जायचे. चुलतभाऊ किलोच्या भावानं भंगारवाल्याला द्यायला निघाला होता. मी पेटीवर बसूनच राहिले म्हणून वाचली.

आत अकरा पाने, दोन छन्न्या, एका बाजूनं गोल डोक्याचा (बॉल पीन) हातोडा आणि बऱ्याच गोट्या, म्हणजे पान्याचे सॉकेट, आहेत. मला यातलं काही कळत नाही, पण फेकवतही नाही. एका दुतोंडी पान्यावर एका बाजूला "१/४ डब्ल्यू ५/१६ बीएस" असं ठोकलंय. मुलाच्या व्हर्निअरनं मोजलं तर तोंड १३.३ मिमी भरलं. पाव इंच म्हणजे सव्वासहा मिमी ना? १३ च्या बोल्टला तो ढिला होतो आणि १४ च्या बोल्टला बसतच नाही. मग हा कशाचा?

दुसऱ्या एका जाड पान्यावर "एम अँड एस एम आर" अशी अक्षरं आहेत. एक लहानसा फिरकीचा स्क्रू पाना आहे, त्यावर "किंग डिक". आणि सगळ्यात चमत्कारिक म्हणजे करंगळीएवढा, अगदी पातळ, चपटा पाना. त्याच्या एका टोकाला रिव्हेट मारून पोलादाची पातळ पाती बसवलेली आहे, चाकूच्या पात्यासारखी फिरून बाहेर येते. धार मात्र नाही. हे काय असावं?

खटपट्या

रुमाल टाकून ठेवतो. ताई, चुलतभावाला पेटीजवळ फिरकू देऊ नका!

उद्यमनगर_फिटर

अनुजाताई, तुमचं मोजमाप बरोबर आहे आणि पानाही बरोबर आहे. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात चाळीस वर्षं फिटरकाम केलं, त्यामुळे या पान्यांशी रोजची ओळख.

आज आपण १३ चा पाना म्हणतो तेव्हा १३ हे पान्याच्या तोंडाचं माप असतं. व्हिटवर्थच्या पद्धतीत तसं नाही. तिथे पान्यावरचा आकडा हा बोल्टच्या दांड्याची जाडी सांगतो. पाव इंच जाडीच्या बोल्टचं षटकोनी डोकं ०.५२५ इंच असायचं, म्हणजे १३.३ मिमी. तुम्हाला तेच मिळालं. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज कारागिरानं १८४१ मध्ये आट्यांचं हे प्रमाण मांडलं, ५५ अंशांच्या कोनाचे आटे. त्याआधी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे, एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला लागायचा नाही. पुढे १९०८ च्या सुमारास बारीक आट्यांचं बीएसएफ आलं. त्यात डोकी एक माप लहान ठेवली. म्हणून व्हिटवर्थचा १/४ आणि बीएसएफचा ५/१६ यांना एकच पाना चालतो. तुमच्या पान्यावर दोन्ही आकडे आहेत ते त्यासाठी, डब्ल्यू म्हणजे व्हिटवर्थ आणि बीएस म्हणजे बीएसएफ.

विहिरीवरची जुनी इंजिनं बहुतेक इंग्लिश बनावटीची, नाहीतर त्याच घाटाची इकडे बनलेली. लिस्टर इंग्लंडातल्या डर्सलीचं. कूपर आपल्या साताऱ्याचं. त्यांना हेच पाने लागायचे. तुमच्या आजोबांच्या पेटीत हे नसते तरच नवल.

आम्ही मात्र कधी व्हिटवर्थ वगैरे म्हणालो नाही. आमची भाषा सुताची. इंचाला आठ सूत. पाव इंच म्हणजे दोन सूत, अर्धा इंच म्हणजे चार. मिस्त्री ओरडायचा, "तीन सुती दे रे", आणि नवा पोरगा चुकून ३/८ चा एएफ पाना पुढे करायचा. एएफमध्ये आकडा तोंडाचाच असतो, म्हणजे त्याचं तोंड साडेनऊ मिमी. व्हिटवर्थच्या तीन सुतीचं तोंड १८ मिमी. पोरगं बोल्टाकडे बघतंय आणि मिस्त्री पोराकडे.

निखिल_ठाणे

फिटरकाका, माहिती झकास, पण एक गोष्ट पटत नाही. माझ्याकडे जुनी बुलेट आहे, तिच्यासाठी मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून व्हिटवर्थचे पाव इंची बोल्ट आणले होते. आटे गेजनं तपासले, इंचाला २० आटे, म्हणजे व्हिटवर्थच. पण "१/४ डब्ल्यू" लिहिलेला पाना त्यावर चक्क गरगर फिरतो. डोकं मोजलं तर ११.३ मिमीच्या आसपास. तुमच्या हिशेबानं १३.३ हवं. मग पान्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा कसा?

उद्यमनगर_फिटर

निखिल, तुझा बोल्ट युद्धानंतरचा आहे. दुसऱ्या महायुद्धात पोलाद वाचवायचं म्हणून ब्रिटिशांनी व्हिटवर्थ बोल्टांची डोकी एक माप लहान केली, बीएसएफएवढी. आटे तेच, दांडा तोच, फक्त डोकं बारीक. युद्ध संपलं तरी तेच चालू राहिलं. म्हणून तुझ्या पाव इंची बोल्टला "३/१६ डब्ल्यू १/४ बीएस" लिहिलेला पाना लाव, ०.४४५ इंचाचा. चपखल बसेल.

यातूनच एक ओळख निघते. जुन्या यंत्रावर मोठ्या डोक्याचे आणि लहान डोक्याचे व्हिटवर्थ बोल्ट शेजारी शेजारी दिसले, तर लहान डोक्याचे मागाहून बदललेले असण्याची शक्यता धरायची.

खटपट्या

म्हणजे पाना आपल्या शब्दाला जागला, बोल्टच बदलला!

निखिल_ठाणे

काका, बसला! आत्ताच गॅरेजमध्ये जाऊन लावून बघितला. पाच वर्षं मी त्या बोल्टांना १२ चा रिंग पाना लावून कोपरे गोल करत होतो.

स्मिता_डोंबिवली

अनुजा, तुमच्या जाड पान्यावरची अक्षरं रेल्वेची आहेत. मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे. पुणे-मिरज-बेळगाव-हुबळी ही मीटरगेज लाइन तिचीच होती, त्यामुळे मिरजेत तो पाना सापडावा हे अगदी जुळतं. १४ एप्रिल १९५१ ला ही रेल्वे दक्षिण रेल्वेत विलीन झाली. तेव्हा तुमचा पाना त्याआधीचा, हे नक्की धरा.

माझे वडील परळ वर्कशॉपात होते. त्यांच्याकडे "जी आय पी आर", म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, असं ठोकलेला एक हातोडा होता. जीआयपीचं मध्य रेल्वेत रूपांतर झालं ५ नोव्हेंबर १९५१ ला, आणि बीबी अँड सीआय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेची पश्चिम रेल्वे त्याच दिवशी. रेल्वेची आद्याक्षरं असलेली अवजारं म्हणूनच मला फार आवडतात. सन छापलेलं नसलं तरी ती अवजारं त्या तारखांच्या नंतरची असू शकत नाहीत.

अक्षरं पुसट असतील तर घासू नका. खडू फिरवा आणि बोटानं पुसून घ्या, खोलगट भागात पांढरं राहतं. नाहीतर रात्री दिवे मालवून बॅटरी अगदी आडवी धरा. बाबा वर्तमानपत्राचा कागद ठेवून त्यावर शिसपेन्सिल घासायचे, आपण लहानपणी नाण्यांचे छाप काढायचो तसं.

सदानंद_वाई

एक शंका, राग मानू नका. रेल्वेचा छाप असलेलं अवजार घरात म्हणजे ते सरकारी मालातून बाहेर आलेलं नाही ना? असल्या गोष्टी जमवणं मला जरा खटकतं.

स्मिता_डोंबिवली

शंका रास्त आहे. रेल्वे आणि लष्कर दोघंही निकामी ठरवलेला माल लिलावात काढत आले आहेत, तसा तो पिढ्यान्‌पिढ्या बाजारात येतो. युद्धानंतर तर डिस्पोजलचा माल ढिगानं विकला गेला. ब्रिटिश लष्कराच्या अवजारांवर तीन रेघांचा बाण असतो, कोंबडीच्या पावलासारखा. तसा बाण असलेले पाने आजही मुंबईच्या चोरबाजारात दिसतात. पण आजच्या चालू छापाचा नवा कोरा माल कुणी स्वस्तात देत असेल तर हात लावू नये, याला माझंही अनुमोदन.

सदानंद_वाई

पटलं. धन्यवाद.

प्रसाद_बर्मिंगहॅम

किंग डिक हे नाव वाचून राहवलं नाही, ती आमच्या गावची कंपनी! ॲबिंग्डन वर्क्सचा हा ब्रँड. नाव आलंय एका बुलडॉगवरून, कंपनीच्या मालकांपैकी एकाचा कुत्रा. म्हणून त्यांच्या चिन्हात बुलडॉग असतो. तो लहान फिरकीचा पाना मोटारसायकलवाल्यांच्या खिशात असायचा. अनुजाताई, फिरकी फिरवून बघा आणि जबडा हलका दाबून धरा. झोल किती आहे? चांगल्या जपलेल्या पान्यात तो फार कमी असतो.

इथे रविवारी लोक गाडीची डिकी उघडून जुन्या वस्तू विकायला बसतात. पुण्याच्या जुन्या बाजारासारखंच वातावरण, फक्त वडापाव नाही. तिथे असे पाने अजूनही चिक्कार मिळतात. मी देश बघून जमवायला लागलो आणि नावांच्या नादाला लागलो. गेडोर म्हणजे गेब्र्यूडर डोविडाट रेमशाइड, डोविडाट बंधू, रेमशाइड गाव, १९१९. हॅझेट म्हणजे हेर्मान त्सेर्फर या नावाची आद्याक्षरं, जर्मन उच्चारात "हा-त्सेट". ती कंपनी १८६८ ची. रेमशाइड हे जर्मनीचं अवजारांचं गावच म्हणायला हवं.

सन ओळखायची एक सोपी खूण सांगतो. "मेड इन वेस्ट जर्मनी" असेल तर पाना १९४९ ते १९९० या काळातला. नुसतं "मेड इन जर्मनी" असेल तर आधीचा किंवा नंतरचा, मग पान्याचा घाट आणि मुलामा बघून ठरवायचं.

मंदार_पेठेतला

जुन्या बाजाराचा विषय निघालाच आहे तर माझी फसगत ऐका, म्हणजे दुसरं कुणी फसणार नाही. बुधवारचा बाजार होता. एका मोठ्या परदेशी कंपनीचं नाव ठोकलेला रिंग पान्यांचा सेट घेतला. मुलामा चकचकीत, किंमत अर्धी. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी स्कूटरचा सायलेन्सर सोडवताना रिंग फाकली. मग भिंग घेऊन बसलो. कंपनीच्या नावात एक अक्षर चुकलेलं होतं, आणि अक्षरं मुलाम्याच्या वरून ठोकलेली होती. कडांना मुलामा तडकला होता तो त्यामुळे.

तेव्हापासून तीन गोष्टी बघतो. अक्षरं मुलाम्याच्या खाली आहेत का. पान्याच्या कडेनं साच्याची रेघ कशी घासली आहे, चांगला कारखाना ती नीट घासून काढतो. आणि दोऱ्यानं लटकवून दुसऱ्या पान्यानं टोला दिला तर कसा वाजतो. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर कुठेतरी चीर असू शकते.

अनुजा_मिरज

अरे बापरे, किती माहिती! स्मिताताई, खडू फिरवला. "एम अँड एस एम आर" च्या खाली आणखी एक आकडा दिसला, ४७. सन असेल का?

प्रसाददादा, फिरकीत झोल जवळजवळ नाहीच.

आता पुढचा प्रश्न. सगळ्यांवर गंज आहे. काढू का? आणि कशानं?

स्मिता_डोंबिवली

४७ वरून काही ठरवू नका. हत्यारांच्या खोलीतला नंबर असू शकतो, कामगाराचा बिल्ला नंबरही असू शकतो. बाबांच्या हातोड्यावर त्यांचा बिल्ला नंबर होता.

तिरफळ

गंज काढायला सोपा उपाय: उसाची मळी. तुमच्याकडे कारखान्यांना तोटा नाही. प्लॅस्टिकच्या बादलीत एक भाग मळी, नऊ भाग पाणी, पाने पूर्ण बुडवून झाकण ठेवायचं. दोन आठवडे विसरून जायचं. वास येतो, बादली अंगणात ठेवा. गंज सुटतो आणि चांगलं लोखंड शाबूत राहतं. मग धुवायचं, लगेच पुसायचं, उन्हात वाळवून तेलाचा हात फिरवायचा.

निखिल_ठाणे

दोन आठवडे कोण थांबणार! बॅटरी चार्जर आणि धुण्याचा सोडा घ्या. पाना ऋण टोकाला, भंगार लोखंडाची पट्टी धन टोकाला, एका रात्रीत काम. पट्टी स्टेनलेसची नको, विषारी क्रोमियम सुटतं. उघड्यावर करा, आणि बादलीत हात घालण्याआधी चार्जर बंद.

उद्यमनगर_फिटर

दोघांनाही हात जोडून सांगतो, आधी रॉकेलमध्ये रात्रभर ठेवून चिंधीनं पुसा. निम्मे पाने तेवढ्यानंच हसायला लागतील. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून तर मुळीच घासू नका. अक्षरं जातात, आणि अक्षरं गेली की तो नुसता लोखंडाचा तुकडा. ॲसिडही नको. कडक पोलाद ॲसिडात ठिसूळ होतं, आणि पुढे जोर लावताना तुटतं.

आणखी एक. युद्धकाळातल्या काही अवजारांवर कॅडमियमचा मुलामा असतो, फिकट राखाडी, कधी पिवळसर झाक. तो कोरडा घासून धूळ उडवू नका, ती फुप्फुसाला घातक.

मंदार_पेठेतला

मी तर म्हणतो गंज उतरवा, पण काळपटपणा ठेवा. चाळीस वर्षांच्या हातांनी आलेला तो रंग आहे. चकाचक करून शोकेसमध्ये मांडलेला पाना बघितला की मला वाईट वाटतं.

प्रसाद_बर्मिंगहॅम

मंदार, शोकेसमध्ये ठेवलेलाही टिकतोच की. न वापरता जपणाऱ्यांमुळेच आपल्याला जुन्या खुणा तपासायला मिळतात.

गोदाकाठ

मंडळी, सगळी चर्चा इंग्लंड-जर्मनीची चाललीय. आपल्या अवजारांचं काय? आमच्या नाशकात सातपूरला तापडिया टूल्सचा कारखाना, १९६९ पासून, सुरुवातीला स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्यानं. गोव्यातही त्यांचं काम आहे. त्यांची पक्कड आणि डिसमिस नसलेलं घर महाराष्ट्रात शोधावं लागेल. आणि स्वीडन म्हणजे स्क्रू पान्याचं माहेर. योहान पेटर योहान्सननं १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचं पेटंट घेतलं, आज आपण वापरतो तो घाट त्याचाच.

सत्तरच्या दशकातली भारतीय अवजारं आज कुणी जपत नाही. अजून सर्रास मिळतात म्हणून कुणाला किंमत नाही. जालंधर, लुधियाना, नागौर इथल्या लहान कारखान्यांचे छाप, जुन्या आयएसआयच्या खुणा, यांची नोंद आत्ता केली नाही तर पुढे व्हिटवर्थचा इतिहास सापडेल आणि आपला सापडणार नाही. मी घरातल्या प्रत्येक अवजाराचा छाप फोटो काढून वहीत लावायला सुरुवात केली आहे. बाकीच्यांनीही करावी अशी कळकळीची विनंती.

खटपट्या

गोदाकाठ, शंभर टक्के सहमत. आमच्या घरी फियाटच्या पेटीतले मिमीचे पाने आणि काकांच्या अँबेसेडरच्या पेटीतले इंची पाने एकाच डब्यात मिसळले आहेत. या रविवारी वेगळे करून फोटो काढतो.

कांता_म्हापसा

अवांतर: डिसमिस शब्द वाचून मजा वाटली. आमच्याकडे हातोड्याला मारतूल म्हणतात, तो पोर्तुगीज "मार्तेलु"वरून आलेला. कोकणात पार रत्नागिरीपर्यंत ऐकलाय.

सदानंद_वाई

आमच्याकडे वाईतही म्हणतात की मारतूल! पोर्तुगीज आहे हे आज कळलं.

निखिल_ठाणे

मंडळी, मूळ प्रश्नातला चौथा पाना सगळे विसरले. अनुजाताई, त्या पातळ पान्याची पाती मायक्रोमीटरनं मोजता येईल का? व्हर्निअर नको, मायक्रोमीटरच. माझा एक अंदाज आहे, पण आकडा आल्याशिवाय बोलत नाही.

अनुजा_मिरज

शेजारचे काका टर्नर आहेत, त्यांच्याकडे नेला. पाती ०.३० मिमी. त्यांनी तीनदा मोजून दिली.

निखिल_ठाणे

मग नक्की! ०.३० मिमी म्हणजे इंचाचे बारा हजारांश, बारा थाऊ. हा मॅग्नेटोचा, म्हणजे पेट्रोल इंजिनाला ठिणगी देणाऱ्या यंत्राचा, पाना आहे. ल्युकास कंपनीच्या मॅग्नेटोमध्ये पॉइंट्समधली (उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या दोन टोकांमधली) फट बारा थाऊ ठेवायची असते. पातळ पान्यानं पॉइंटचा नट सैल करायचा, पाती फटीत सरकवायची, हलकी अडकत सरकली की नट आवळायचा. रस्त्याच्या कडेला दोन मिनिटांचं काम. म्हणून पाना आणि पाती एकत्र जोडलेली.

पण डिझेल इंजिनाला मॅग्नेटो नसतो. आजोबांकडे पेट्रोलवर चालणारं काहीतरी होतं. मोटारसायकल होती का?

उद्यमनगर_फिटर

शाब्बास रे! मला फोटोशिवाय लक्षातच आलं नव्हतं. किंग डिकचा खिशातला पानाही मग त्याच जोडीतला दिसतो.

अनुजा_मिरज

आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आजोबा म्हणजे सायकल, एवढंच आम्ही बघितलं. काल आजीला विचारलं. आजी ब्याण्णव वर्षांची आहे. पाना हातात दिला तर तिनं न बघता अंगठ्यानं पाती बाहेर काढली. म्हणाली, "फटफटीचा आहे. मिल्ट्रीची हिरवी फटफटी होती, लग्नात होती. पावसात बंद पडली की मी छत्री धरायची आणि हे यानं खुडखुड करायचे." धाकट्या आत्याच्या वेळी विहीर खोल करायला पैसे हवे होते, तेव्हा विकली. पाने मात्र ठेवले.

नाव तिला आठवत नाही. टाकीवर तीन इंग्रजी अक्षरं होती म्हणते.

प्रसाद_बर्मिंगहॅम

बीएसए! तीही आमच्या बर्मिंगहॅमचीच. लष्करी हिरवी म्हटल्यावर एम २० असण्याची शक्यता फार मोठी, ४९६ सीसी, युद्धात सव्वा लाखाच्या आसपास बनल्या. तिला ल्युकासचा मॅगडायनो असतो, मॅग्नेटो आणि डायनामो एकत्र. सगळं जुळतंय.

उद्यमनगर_फिटर

अनुजाताई, कोल्हापुरात माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाकडे एम २० आहे, चालू स्थितीत. तिचे पॉइंट्स यंदा बघायचेच आहेत. दिवाळीनंतरच्या रविवारी आजींना घेऊन या. फट आजोबांच्या पातीनंच लावू.

अनुजा_मिरज

येतो काका. आजीला सांगितलं. छत्री घेऊ का, विचारतेय.